मिरजेचे पंचवीस दिवस

"हात जरा वर करा, वन्सं," मी म्हणाले आणि टेप त्यांच्या काखेखालून फिरवली.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, पद्मावती. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला तशा त्या माहेरी परत आल्या, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, कुरुंदवाडच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं आणि उरलेल्या वेळात आमच्या घरावर राज्य केलं. गाव त्यांना बिरनाळे बाई म्हणायचं. गावातल्या निम्म्या माणसांच्या पाठीवर त्यांची छडी वाजलेली होती, त्यामुळं त्या रस्त्यानं निघाल्या की चाळिशीतले बाप्ये सुद्धा हातातली विडी लपवायचे.

आमचं जैनांचं दशलक्षण पर्व दोन दिवसांवर आलं होतं. पर्वाच्या दहा दिवसांत मंदिरात नेसायच्या पांढऱ्या साड्यांवर त्यांना दरवर्षी दोन नवे ब्लाउज लागत. शिवणार अर्थात मी. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन होतं आणि पंचक्रोशीतल्या बायका माझ्याकडं ब्लाउज टाकायच्या. पण त्या दिवशी वन्संची तक्रार होती.

गेल्या वर्षीचा ब्लाउज डावीकडं ओढतोय, असं त्यांचं म्हणणं. माझा हात बिघडलाय, लक्ष नसतं, जुन्या मापावर कातरी चालवायची सवय लागलीय, असं त्या एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, बरं, नव्यानं माप घेते.

त्यांनी हात वर केला तेव्हा मला दिसलं. डाव्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, कातडी आत ओढली गेली होती. बोटभर खळगा. टेप सरळ करायच्या निमित्तानं मी बोट टेकवलं. खाली चिंचोक्यासारखं कडक काहीतरी होतं आणि ते हलत नव्हतं.

मी ओळखलं. दहा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या अंगात हेच होतं, त्याच बाजूला.

"आता तरी नीट बसेल ना?" वन्संनी विचारलं.

"बसवते," मी म्हणाले. टक्स थोडा सरकवून घेतला, माप वहीत लिहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

हे वाचून कुणाला मी राक्षसीण वाटले तर वाटू दे. का बोलले नाही ते सांगते.

दोन हजार एक साली मी छत्तीस वर्षांची होते. माझी गाठ माझ्याच हाताला लागली. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी वन्संना सांगितलं, कारण आमच्या घरात ह्यांना ताप आला तरी तो आधी वन्संना सांगितला जायचा. मिरजेच्या दवाखान्यात सुईनं तपासणी झाली. निकालाच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बसलो होतो. शिपाई म्हणाला, पेशंटच्या माणसानं आत या. वन्सं उठल्या. हे दारापर्यंत गेले आणि दारातच उभे राहिले. मी बाकावर.

आमच्यात पद्धतच होती तशी. रोग ज्याला झालाय त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचा. आजारी माणूस घाबरेल म्हणून घरातल्या मोठ्यानं आत जायचं आणि जे काय असेल ते पदरात बांधून बाहेर यायचं. माझी सासू कशानं गेली ते तिला स्वतःला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि याचं आमच्या घरात कौतुक होतं.

दहा मिनिटांत वन्सं बाहेर आल्या. म्हणाल्या, साधी गाठ आहे, छोटंसं ऑपरेशन, इथं सही कर. इंग्रजी कागद होता. त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं, भूल उतरली आणि मी डावीकडं हात नेला तर तिथं नुसती पट्टी होती. सपाट. मी इतकी ओरडले की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. वन्सं म्हणाल्या, जीव वाचला ना, मग गप. कॅन्सर हा शब्द मला कोणी सांगितला नाही. वॉर्डाच्या दारावरची पाटी वाचून मला तो कळला.

गावात त्यांनी सांगितलं की राजमतीची पिशवी काढली. गर्भाशयाची. बायका मला बघायला आल्या, पोटाला पट्टा बांधतेस का विचारून गेल्या. मी ब्लाउजच्या आत कापडाची उशी शिवून घेतली. आत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी. इतकी बेमालूम की घराबाहेर कोणाला संशय आला नाही, आणि हे माझ्याकडं बघायचेच थांबले होते.

सहा वर्षं मी असंच समजत होते की दुसरा इलाज नव्हता. गाठ झाली, गेलं. नशीब म्हणतात ते हेच, असं मनाला समजावलं.

मग शिरोळच्या एक मॅडम ब्लाउज उसवून घ्यायला आल्या. हाताला सूज येते म्हणून बाहीचा मुंढा मोठा हवा होता. पडद्याआड त्यांनी पदर बाजूला केला आणि मला दिसलं, काखेजवळ चार बोटांची शिवण, बाकी सगळं जागच्या जागी. त्या अगदी सहज म्हणाल्या, कॅन्सरची गाठ होती हो, पण लहान होती. तेवढीच काढली आणि पंचवीस दिवस मिरजेला जाऊन रेडिएशनचा लाईट घेतला.

मी तिथंच खाली बसले. मग उठले आणि माझा ब्लाउज काढून त्यांना दाखवला. नवऱ्यालाही धड न दाखवलेली गोष्ट मी एका गिऱ्हाइकाला दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की तुमची गाठ केवढी होती. मला माहीत नव्हतं. माझ्या अंगातली गाठ केवढी होती हे मला माहीत नव्हतं.

अस्तर आणि फॉल आणायला जाते असं घरी सांगून मी मिरजेला तीन खेपा घातल्या तेव्हा जुन्या फायलीची नक्कल मिळाली. मॅडमनी ती मला वाचून दाखवली. गाठ एक पूर्णांक आठ सेंटीमीटर. काखेत पसरलेली नाही. फक्त गाठ काढून रेडिएशन देणे किंवा संपूर्ण स्तन काढणे, असे दोन्ही पर्याय नातेवाइकांना समजावून सांगितले. दोन्हींत जगण्याची शक्यता सारखीच असल्याचे सांगितले. नातेवाइकांनी दुसरा पर्याय निवडला. खाली माझी वाकडीतिकडी सही होती आणि तिच्या शेजारी दुसरी, वळणदार, फळ्यावर लिहावं तशी. प. आ. बिरनाळे.

त्या दिवसापासून मी वन्संवर डूख धरला.

तोंडावर विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर त्यांनी दोन वाक्यांत मला गप्प बसवलं असतं, तेहतीस वर्षं तेच तर केलं होतं त्यांनी. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. माझ्या अंगाचं त्यांनी काय केलं ते त्यांनी नाव घेऊन, चारचौघांत सांगायला हवं होतं. दुसरं काही नको होतं मला. आणि गंमत बघा, तशी सोय आमच्या धर्मातच होती. पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. लहान-थोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि उत्तम क्षमा म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा. दरवर्षी वन्सं माझ्यापुढंही यायच्या, हात जोडायच्या, उत्तम क्षमा म्हणायच्या आणि पुढच्या माणसाकडं वळायच्या. भाजीवाली, शेजारीण आणि मी, सगळ्यांना एकाच भावात. चार वर्षं मी वाट बघितली की या वर्षी तरी त्या थांबतील आणि बोलतील. चारही वर्षं मी तोंडदेखलं उत्तम क्षमा म्हणाले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

म्हणून त्या दिवशी माप घेताना मी गप्प बसले. म्हटलं, राहू दे. मला नाही सांगितलं, यांनाही नको. पर्वाचे दहा दिवस वन्संनी एकभुक्त केलं, पहाटे उठून पूजा केली, प्रवचनात पहिल्या रांगेत बसल्या. मी शिवलेला पांढरा ब्लाउज अंगात. नीट बसला होता. मी रोज मागच्या रांगेतून त्यांच्या पाठीकडं बघत होते. एक-दोनदा उठून सांगावंसं वाटलं, नाही असं नाही. पण सांगितलं नाही. मला त्याची लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आल्यावर वन्सं स्वैपाकघराच्या दारात आल्या. हात जोडले आणि म्हणाल्या, "उत्तम क्षमा, राजमती."

"वन्सं," मी म्हणाले, "डाव्या बाजूला गाठ आहे तुमच्या. उद्या मिरजेला जायचं."

त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले.

तपासण्या झाल्या. दहा दिवसांनी निकाल घ्यायला आम्ही दोघीच गेलो. हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. त्याच दवाखान्यात त्याच मजल्यावर आता डॉक्टर शहापुरे म्हणून एक तरुण बाई बसत होत्या. बाकही बदलले होते, लोखंडी झाले होते. वन्सं बाकाच्या टोकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत घरून आणलेलं उकळलेलं पाणी. शिपाई बाहेर आला आणि त्याच जुन्या सुरात म्हणाला, पेशंटच्या माणसानं आत या.

मी उठले. वन्संनी माझा पदर धरला.

"तूच जा," त्या म्हणाल्या. "काय सांगतील ते तूच ऐक. मला काही सांगू नकोस. तू म्हणशील त्याला माझी हरकत नाही. सही कुठं करायची तेवढं दाखव."

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं लिहिते. मला आनंद झाला. दहा वर्षांनी हुकमाचं पान माझ्या हातात आलं होतं. आत जायचं, दहा मिनिटं बसायचं, बाहेर यायचं आणि म्हणायचं, छोटंसं ऑपरेशन आहे. त्यांनीच तर मला तसं करायला सांगितलं होतं. कोणी माझ्याकडं बोट दाखवू शकलं नसतं. गाव म्हणालं असतं, भावजयीनं किती केलं बाईंचं.

पण हे उट्टं फार स्वस्तात फिटलं असतं. त्यांना काहीच कळलं नसतं. मला तर त्यांना कळायला हवं होतं.

"उठा," मी म्हणाले. "आपण दोघी जायचं. तुम्ही पुढं."

त्या नाही म्हणाल्या. मला भीती वाटते, असं म्हणाल्या. इतक्या वर्षांत भीती हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आत नेऊन डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं.

डॉक्टरबाईंनी सवयीनं माझ्याकडं बघून बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, पेशंट या आहेत, यांना सांगा, आणि सगळं सांगा. शिकलेल्या आहेत, समजतं त्यांना. डॉक्टरबाईंनी खुर्ची वन्संकडं वळवली, कोरा कागद घेतला आणि त्यावर चित्र काढून समजावायला लागल्या. गाठ दोन सेंटीमीटरच्या आत आहे. कॅन्सरची आहे. काखेत पसरल्यासारखी दिसत नाही, तरी ऑपरेशनच्या वेळी तिथल्या गाठी तपासाव्या लागतील. इलाजाचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढायचा, बाकी स्तन ठेवायचा. मग मात्र रेडिएशन घ्यावंच लागतं, ते टाळून चालत नाही. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच आठवडे. दुसरा म्हणजे पूर्ण स्तन काढायचा. तुमच्यासारख्या लहान गाठीला त्यानंतर बहुतेक वेळा रेडिएशन लागत नाही. पुढं पाच वर्षं गोळ्या दोन्हीकडं घ्याव्या लागतील.

"आणि जगण्याचं?" मी विचारलं.

"दोन्हींत सारखंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्ण काढलं म्हणजे जास्त जगाल असं नाही."

"हे परत एकदा सांगा. वन्संना नीट ऐकू आलं नसेल."

त्यांनी परत सांगितलं. वन्सं मान खाली घालून चित्राकडं बघत होत्या. मी विचारलं, लाईट घेताना दवाखान्यात राहावं लागतं का. नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, यायचं, दहा मिनिटांचं काम, घरी जायचं. कुरुंदवाडहून रोज जाऊन-येऊन करता येतं का? पुष्कळ बायका त्याहून लांबून करतात. दहा वर्षांपूर्वीही येत होत्या का? डॉक्टरबाई जरा थबकल्या, म्हणाल्या हो, मशीन तेव्हाही होतं की.

मग मी माझ्या पिशवीतून माझी फाईल काढून टेबलावर ठेवली. वन्संनी ती पहिल्यांदाच बघितली. डॉक्टरबाईंनी दोन पानं उलटली, एक ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"तुम्हाला हे सांगितलं नव्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"नातेवाइकांना सांगितलं होतं," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंच्या नजरेनं ती वळणदार सही वाचली, मग समोरच्या केसपेपरवरचं बिरनाळे हे नाव वाचलं. त्या शहाण्या होत्या. फाईल मिटून मला परत दिली आणि वन्संना म्हणाल्या, आज ठरवलंच पाहिजे असं नाही, आठवडाभर विचार करा.

दवाखान्याच्या आवारात पाण्याच्या टाकीजवळ एक कट्टा होता. तिथं आम्ही बसलो. वन्संनी पाणी प्यायलं, झाकण लावलं, परत उघडलं.

"फाईल कधी मिळाली तुला?"

"चार वर्षं झाली."

"आणि माझी गाठ कधी कळली?"

"माप घेतलं त्या दिवशी."

त्या बोटांवर मोजायला लागल्या. मास्तरीण शेवटी. "म्हणजे पर्वाच्या आधी," त्या म्हणाल्या. "बारा दिवस तू मला बोलली नाहीस."

"नाही बोलले."

मग त्या म्हणाल्या, "असू दे. माझ्या मनात काही नाही. मी क्षमा केली."

"मी मागितलेली नाही, वन्सं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं वर्गात कोणी पहिल्यांदाच उलट उत्तर द्यावं. मग हळूहळू बोलायला लागल्या. मला वाटलं होतं दवाखान्याची दगदग, ह्यांची कारखान्यातली नोकरी, असलं काहीतरी सांगतील. पण कारण निराळंच होतं. माझी लेक त्रिशला तेव्हा नववीत होती. चार-पाच वर्षांत तिला स्थळं बघायची होती. ऑपरेशन एकदाच होतं, त्याला पिशवी म्हणता येतं. पण रोज सकाळी मिरजेची एसटी धरणारी बाई बघितली की गाव पंधरा दिवसांत ओळखतं, आणि कॅन्सरवालीची मुलगी म्हटल्यावर कोण दारात उभं राहणार होतं? त्यांनी हे सगळं डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटांत ठरवलं होतं. त्रिशलासाठी.

"मला विचारायचं होतं," मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" वन्संनी विचारलं. "पोरीसाठी तूही तेच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. पण ते मी म्हणाले असते."

त्या उठल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाल्या, "चल. डॉक्टरांना सांगते, पूर्ण काढा म्हणून. तुझं गेलं, माझंही जाऊ दे. फिटंफाट झाली म्हण."

मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मला भयंकर राग आला होता. आयुष्यभर दुसऱ्याचं परस्पर ठरवलं, आता प्रायश्चित्तही परस्परच ठरवत होत्या.

"रोगासाठी काढायचं असेल तर खुशाल काढा," मी म्हणाले. "माझ्यासाठी काढू नका. तुमचं कापून माझं परत उगवत नाही. फिटंफाट मला नकोय. तुम्हाला स्वतःला काय पाहिजे ते सांगा."

"माझं काय एवढं. एकसष्ट वर्षं झाली. विधवा बाई."

"काय पाहिजे?"

त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि जमिनीकडं बघत म्हणाल्या, "राहिलं तर बरं."

राहिलं तर बरं! एकसष्टाव्या वर्षी, ज्यांच्याकडं बघणारं कोणी नव्हतं त्यांना. मी तर छत्तीसची होते. त्यांना परत आत नेलं आणि हेच वाक्य त्यांच्या तोंडानं डॉक्टरबाईंना सांगायला लावलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. काखेत काही निघालं नाही. दिवाळीनंतर लाईट सुरू होणार होता. ह्यांनी कारखान्यातल्या एका मित्राची गाडी ठरवली होती, म्हणजे अंगणातून बसायचं आणि अंगणात उतरायचं, कोणाला पत्ता नको. मी म्हटलं, गाडी नको, आम्ही एसटीनं जाणार. हे म्हणाले, अगं पण लोक. मी म्हटलं, लोकांसाठीच.

सातची मिरज गाडी कुरुंदवाडच्या स्टँडवर उभी राहते तेव्हा अर्धं गाव तिथं असतं. कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, कोर्टकचेरीची माणसं. त्यातले निम्मे बाईंचे विद्यार्थी. आम्ही पुढच्या बाकावर बसलो. पहिल्याच दिवशी एकानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, बाई, सकाळी सकाळी कुठं?

"जरा काम आहे मिरजेत," वन्सं म्हणाल्या.

"लाईट घ्यायला निघालोय," मी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बाईंना छातीचा कॅन्सर झालाय. पंचवीस दिवस जायचंय."

वन्संनी खिडकीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी विचारलं, मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. विचारणारा नवा असला की मला हुरूप यायचा. जे माझ्या बाबतीत झाकायला त्यांनी माझं अंग कापलं, ते त्यांच्या बाबतीत मी रोज सातच्या गाडीत ओरडून सांगत होते. मी दुष्टपणा करत होते आणि मला ते माहीत होतं. पाचव्या दिवशी घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, पुरे आता, राजमती. मी म्हटलं, अजून वीस आहेत.

नवव्या दिवशी कंडक्टर नवा होता. तरुण मुलगा, चौथीपर्यंत बाईंच्या हाताखाली शिकलेला. त्यानं तिकिटाचं यंत्र थांबवलं आणि विचारलं, बाई, रोज दिसताय म्हणे, काय विशेष? मी तोंड उघडलं. पण वन्संनी माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. चालत्या गाडीत, बाकाची दांडी धरून.

"मला कॅन्सर झालाय," त्या वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या. "गाठ काढली, बाकी अंग शाबूत आहे. ही माझी भावजय, राजमती. दहा वर्षांपूर्वी हिला हाच रोग झाला होता. पिशवी काढली असं मी गावभर सांगितलं ते खोटं होतं. हिचीही गाठ लहान होती. डॉक्टरांनी हाच इलाज सांगितला होता. मी हिला बाहेर बसवलं आणि हिला न विचारता हिचा अख्खा स्तन काढायला सांगितलं. सही घेताना मी हिच्याशी खोटं बोलले."

मग त्या खाली बसल्या. एवढं बोलून त्यांना धाप लागली होती.

याच एका गोष्टीची मी चार वर्षं वाट बघितली होती. चारचौघांत, नाव घेऊन, त्यांच्या तोंडून. पण सगळी गाडी वळून माझ्याकडं बघत होती, माझ्या छातीकडं बघत होती, आणि मला पदर कुठं ओढावा ते कळेना. सूड पुरा झाल्यावर हलकं वाटतं असं लोक सांगतात. मला तसं काही वाटलं नाही. वन्संनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं, आणि काय म्हणावं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. पुढं त्या नऊ वर्षं जगल्या, तेव्हाही कधी निघालं नाही.

मी कंडक्टरला म्हटलं, दोन मिरज दे.

त्यानंतर गाडीत कोणी काही विचारलं नाही. एक-दोन बायकांनी मात्र स्टँडवर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की गाठ हाताला कशी लागते, दाखवायला कुठं जायचं, आत आपल्यालाच जाऊ देतात का. मी सगळं सांगितलं. आणि उरलेले सोळा दिवस मी वन्संच्या शेजारी बसून जात राहिले. एकदा मला ताप होता तरी गेले. एकदा त्याच म्हणाल्या, आज राहू दे, तरी मी त्यांना उठवलं.

राजमतीनं नणंदेची सेवा केली, असं गाव अजून म्हणतं. मी कोणाला खोडून काढत नाही. पण ती सेवा नव्हती. पंचवीस दिवस जमणार नाहीत असं ज्यांनी दहा मिनिटांत ठरवलं होतं, त्यांना मी ते एकेक करून जमवून दाखवले. सातची गाडी, तासाभराचा रस्ता, आत दहा मिनिटं, परतीची गाडी. साडेअकराच्या आत आम्ही घरी असायचो. दुपारच्या भाकरी पंचवीसही दिवस मीच थापल्या आणि गरम गरम वन्संच्या ताटात वाढल्या.